चिंबोरीचे गाव आणि रोहितांची खाडी

चेंबूर हे नाव ‘चिंबोरी’ या शब्दावरून पडले, असे आपल्याकडील जुनी माणसे सांगत आली आहेत. ही व्युत्पत्ती सर्वांनाच मान्य नाही. परंतु ज्या भूमीने ती सुचविली ती खाडीकाठचीच, यात शंका नाही.

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. उत्तरेस ती चिंचोळ्या वाटेने उल्हास नदीशी जोडलेली असून दक्षिणेस रुंदावत मुंबई बंदराला मिळते. दिवसातून दोनदा भरतीओहोटी होते. ओहोटी लागली की माहुल व शिवडीपाशी मैलभर चिखल उघडा पडतो. परक्याला ती ओसाड जागा वाटेल. पण त्यात चिंबोऱ्या बिळे करतात, निवट्या सरपटतात, आणि तिवरांच्या मुळांशी कोलंबीची व माशांची पिले वाढतात. माहुल आणि तुर्भे येथील कोळीवाडे याच चिखलावर जगले.

शहराने मात्र या किनाऱ्याकडे परसदार म्हणूनच पाहिले. १९०६ साली कुर्ला-चेंबूर लोहमार्ग घातला गेला तो शहराचा कचरा वाहण्यासाठी. प्रवाशांना तो १९२४ मध्ये खुला झाला. १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला. १९५० नंतर माहुलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, तर १९५६ साली तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. या उद्योगांवर आपल्यातील कित्येक घरांच्या चुली पेटल्या, हे आपण विसरू नये. त्याच काळात खाडीतील मासळी मात्र घटत गेली.

१९९० नंतर येथे एक नवल घडले. हजारो रोहित पक्षी हिवाळ्यात या चिखलावर उतरू लागले. मान खाली घालून, उलट्या धरलेल्या चोचीने ते पाणी गाळतात व त्यातील सूक्ष्म शेवाळ खातात. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग त्यांच्यासाठी अभयारण्य झाला. २०२२ मध्ये रामसर यादीत खाडीचे नाव आले.

येथे एक सावधगिरी हवी. सांडपाण्यामुळे शेवाळ फोफावते व तेच या पक्ष्यांना आकर्षित करते, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे रोहितांची गर्दी ही पाणी निर्मळ असल्याची ग्वाही नव्हे. गुलाबी थव्यांचे कौतुक आपण अवश्य करावे; पण खाडीची प्रकृती जाणून घ्यायची असेल, तर कोळ्याच्या जाळ्यात आज काय लागले, हेच विचारले पाहिजे.