जमिनीवाचून घर

घर म्हटले की आपल्या मनात प्रथम जमीन येते. जोते, अंगण, परसू, तुळशीवृंदावन आणि शेजाऱ्याच्या हद्दीपाशी रोवलेला दगड ह्या साऱ्यांचे मिळून घर होत असे. विसाव्या शतकातील मुंबईने ह्या कल्पनेला छेद दिला. ज्या खोल्यांच्या खाली दुसऱ्याचे छत आणि वर दुसऱ्याची फरशी, त्यांनाही मनुष्य ‘माझे घर’ म्हणू लागला. बदलीच्या नोकरीत सरकारी निवासस्थाने पालटीत हिंडणाऱ्या आम्हां मंडळींनाही निवृत्ती जवळ आली की मुंबईत किंवा ठाण्यात ‘एक जागा’ घेण्याचे वेध लागतात. किंमत, मजला आणि स्टेशनचे अंतर ह्यांची आम्ही कसून चौकशी करतो; पण विकत घेतो ती वस्तू नेमकी कोणती, हे क्वचितच विचारतो. ह्या वस्तूचा जन्म कसा झाला हे पाहिले, तर त्या प्रश्नाचे उत्तर सापडते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीतील कोंदट चाळींचे भय राज्यकर्त्यांना प्रथमच खऱ्या अर्थाने जाणवले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या फोडून रस्ते काढले आणि गावदेवी, दादर, माटुंगा अशा भागांत आखीव भूखंड पाडले. तोवर मध्यमवर्गीय नोकरदारही बहुधा चाळीतच राही. एक-दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, टोकाला सामाईक नळ आणि शौचकूप असा तो संसार असे. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्याच डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. मालक बदलला, पण घराचा साचा बदलला नाही.

निराळा विचार पुढे आला तो भाडेकऱ्यांकडून. कारवार-कानडा भागातून मुंबईत आलेल्या चित्रापूर सारस्वतांमध्ये कारकून, शिक्षक, वकील असे पगारावर किंवा व्यवसायावर जगणारे लोक पुष्कळ होते. त्यांच्यातील श्रीपाद सुब्बराव तालमकी हे सहकाराचे निष्ठावंत पुरस्कर्ते. १९१२ च्या कायद्याने पतपेढीखेरीज इतर कार्यांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मुभा मिळाली होती. तिचा लाभ घेऊन १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. जमीन ट्रस्टकडून भाडेपट्ट्याने घेतलेली, इमारती संस्थेच्या आणि सभासदाकडे संस्थेचे भाग व राहण्याचा हक्क, अशी तिची मांडणी होती. म्हणजे सभासद हा एका अर्थी स्वतःचाच भाडेकरी आणि शेजाऱ्यासह स्वतःचाच घरमालक झाला! ही कल्पना मूळ इंग्लंडमधील भाडेकरूंच्या सहकारी चळवळीची. परंतु मुंबईच्या मातीत ती रुजली ती ज्ञातीच्या आधाराने. परस्परांची पत ठाऊक असलेले लोकच प्रथम एकत्र येऊ शकले. त्यातच तिचे बळ होते आणि तिची मर्यादाही. ‘आमच्यापैकी’ आणि ‘बाहेरचे’ ही रेघ अनेक संस्थांच्या पोटनियमांत कायमची उतरली. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सभासदत्व ज्ञातीपुरते ठेवणारे पोटनियम वैध ठरवले.

मालकीबरोबर घराचा आकारही पालटत होता. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींत ‘ब्लॉक’ आला. त्याची खरी क्रांती दिवाणखान्यात नव्हती. ती शौचकूप घराच्या आत येण्यात होती. सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांत वाढलेल्या कुटुंबांना स्वयंपाकघर आणि शौचकूप एका छताखाली ही गोष्ट पचणे सोपे नव्हते. पाण्याच्या साखळीने आणि भूमिगत गटारांनी ती शक्य केली, आणि एका दाराआड सगळा संसार मिटू लागला. त्या दारापलीकडे चाळीची गॅलरी राहिली. सुख वाढले, ओळखदेख मात्र उणावली.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरटंचाई विकोपास गेली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी जखडून ठेवली. भाडेकऱ्याला संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे मालकाला परवडेनासे झाले. जुनी जागा हाती यायची तर ‘पागडी’ मोजावी लागे, आणि तिची पावती नसे. अशा परिस्थितीत बांधणाऱ्यांनी भाड्याचा नाद सोडून मजले विकण्यास आरंभ केला. पूर्वी सभासद एकत्र येऊन इमारत बांधीत. आता इमारत आधी बांधली जाई आणि तिच्यातील ग्राहकांना मागाहून ‘सभासद’ केले जाई. फरक लहान दिसतो, पण पुढील सगळे तंटे त्यातूनच उद्भवले.

१९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट कायदा हा ह्या अनुभवातून निघालेला धडा होय. किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम नोंदणीकृत करारावाचून घेऊ नये, ग्राहकांची संस्था स्थापावी आणि जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी, अशी बंधने त्याने बिल्डरवर घातली. कायदा स्पष्ट होता, अंमल मात्र शिथिल राहिला. हजारो संस्थांच्या सभासदांनी हप्ते फेडले, परंतु पायाखालची जमीन बिल्डरच्याच नावे राहिली. म्हणून २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. खांबांमधील मोकळी वाहनजागा सुटी विकता येत नाही, ती सर्वांची, हे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. २०१६ चा स्थावर संपदा कायदा हा त्याच मालिकेतील पुढचा दुवा.

हरवलेले अंगण वास्तुविशारदही शोधीतच होते. कंबाला टेकडीवर चार्ल्स कोरिया ह्यांची ‘कांचनजंगा’ १९८३ मध्ये पुरी झाली. मजले २८, घरे अवघी ३२. मुंबईत पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, आणि दुपारचे ऊन व पावसाच्या सरीही तिकडूनच. जुन्या बंगल्यात ह्यावर व्हरांड्याचा उपाय असे. कोरियांनी तो व्हरांडा उंच मनोऱ्याच्या कोपऱ्यांत दोन मजली गच्चीबागेच्या रूपाने पुन्हा उभा केला. ही मौज अर्थात धनिकांसाठी होती. पण ह्याच सुमारास त्यांनी बेलापूरला अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी बैठी वसाहत उभारली. प्रत्येक घर आपापल्या लहान भूखंडावर, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे ऐपतीप्रमाणे कुटुंबाला वाढवता यावे. आणि दर सात घरांमध्ये एक सामाईक चौक. पुढे अनेकांनी मूळ घरे पाडून मोठी बांधली. त्यामुळे मूळ रूप बिघडले असे रसिक म्हणतात. घर वाढणारच हे गृहीत धरले होते, ते खरे ठरले असे आम्ही म्हणू.

ह्या शंभर वर्षांतून एकच गोष्ट वारंवार पुढे येते. शहरात विकत मिळतात त्या भिंती. घर मात्र भागीदारीत मिळते. जमीन, जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्याचे सौजन्य ह्यांत आपला केवळ एक हिस्सा असतो. तो हिस्सा कागदावर नसेल तर संगमरवरी फरशी व्यर्थ आणि संस्थेच्या सभेत नसेल तर कागदही दुबळा. दूरच्या प्रांतातून व्यवहार करणाऱ्या आमच्या वाचकांनी नमुन्याचा फ्लॅट अवश्य पाहावा. पण त्याआधी जमीन कोणाच्या नावे आहे हे विचारावे, आणि किल्ली हाती आल्यावर वार्षिक सभेचे निमंत्रण केराच्या टोपलीत टाकू नये. गावदेवीच्या त्या कारकुनांना जमिनीवाचून घर मिळाले, ते ती सभा त्यांनी आपली मानली म्हणून.