भूकंपी नोंदींतील खंड
३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसर उद्ध्वस्त करणारा भ्रंश आधी ज्ञात नव्हता. शेजारच्या बीड जिल्ह्यातही भूगर्भरचना दख्खनच्या बेसाल्टखाली झाकलेली आहे. कृत्रिम कंपनांचे परावर्तन जिओफोनने टिपून अशा रचनेचा वेध घेता येतो. मात्र जलाशय, वस्ती वा पिकांमुळे सर्वत्र यंत्रे मांडता येत नाहीत आणि नोंदींत खंड पडतो. फूरिये किंवा कर्व्हलेट रूपांतराने मूळ लहरी मोजक्या गुणांकांत सामावतात. उपलब्ध नोंदींशी जुळणारे कमीत कमी गुणांक संगणक शोधतो व त्यांवरून रिकाम्या जागा भरतो. विखुरलेले लहान खंड असे भरता येतात. सलग मोठी पोकळी भरणे अवघड असते. भरलेली नोंद हे अनुमान असते, मोजमाप नव्हे. त्यामुळे केवळ तिच्या आधारे भ्रंश असल्याचा वा नसल्याचा निर्वाळा देता येत नाही.