घरच्या पडद्याआधीच्या पिढ्या

नागपुरात आज धरमपेठ-रामदासपेठेतल्या कितीतरी घरांत मोठा 4के टीव्ही आणि पाच-सात स्पीकर दिसतात. त्यावर जुना मराठी चित्रपट लावला की चेहरे मेणाचे वाटतात, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो आणि दोष टीव्हीवर ढकलला जातो. त्या चित्राची कुळी तपासली, तर बिघाड बहुतेक वेळा टीव्ही घरी येण्याच्या कित्येक वर्षं आधीचा निघतो.

मूळ पुरुष म्हणजे कॅमेऱ्यातली निगेटिव्ह. तिच्यावरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून दुसरी निगेटिव्ह आणि तिच्यावरून चित्रपटगृहात जाणाऱ्या प्रिंट निघत. दर पिढीला बारकावे थोडे पुसले जात. विदर्भाच्या वाट्याला त्यात आणखी झीज येई. नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत-वऱ्हाड (सी.पी. अँड बेरार) 1950 मध्ये इतिहासजमा झाला, पण चित्रपटधंद्याच्या नकाशावर हा मुलूख आजही ‘सी.पी. बेरार’च आहे आणि त्याचं वितरण अमरावती-भुसावळहून चालत आलं. रिळांच्या पेट्या शहरातली गर्दी ओसरली की तालुक्याच्या गावी जात. तिथे पोचेपर्यंत प्रिंटवर उभे ओरखडे पडलेले असत आणि तुटलेले तुकडे जोडताना मधली वाक्यं गळलेली असत.

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला. रंगीत टीव्हीसकट तो रात्रभरासाठी भाड्याने आणायचा आणि अख्ख्या मोहल्ल्याने बघायचा. व्हीएचएस कॅसेटवर आडवा तपशील जेमतेम 240 रेषांचा. बाजारातली कॅसेट बहुधा कॉपीची कॉपी, त्यामुळे लाल रंग ओठांबाहेर पसरायचा.

मग व्हीसीडी. हिने सगळ्यात जास्त नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे, कारण ‘डिजिटल’ या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला. एका डिस्कमध्ये साधारण 74 मिनिटं मावत, म्हणून चित्रपट दोन डिस्कचा. चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं. डीव्हीडीत याच्या चौपट ठिपके असतात, 4के पडद्यावर सुमारे 82 पट. म्हणजे व्हीसीडीवरून आलेला चित्रपट लावला की दर खऱ्या ठिपक्यामागे ऐंशीएक ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. चेहरा मेणाचा दिसतो तो इथे.

आवाजाची गोष्ट मला अधिक लागते. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांनी चित्रित होतो, आपल्याकडची जुनी टीव्ही-पद्धत, पाल, 25 ची. टेपवर उतरवताना सोपा मार्ग म्हणजे चित्रपट चार टक्के वेगाने पळवायचा. सूरही तितकाच चढतो. हार्मोनियमच्या काळी एकमधलं गाणं पांढरी दोनकडे निम्म्याहून जास्त सरकतं. ‘संत तुकाराम’ (1936) मधले विष्णुपंत पागनीस अशा प्रतीत ऐकणाऱ्याला त्यांचा खरा स्वर ठाऊकच होत नाही. या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी विष्णुपंत दामले प्रभात फिल्म कंपनीचं ध्वनिमुद्रणही सांभाळत. तो आवाज फिल्मच्या कडेला एकाच पट्टीत छापलेला होता. ‘5.1’ असा शिक्का मारून कोणी तो पाच दिशांना पसरवला, तर अभंग हॉलभर विरघळतो. असा चित्रपट मधल्या एकाच स्पीकरवर ऐकावा, त्यात काहीही कमीपणा नाही.

मुळाकडे परत जावं, तर मूळच पुष्कळदा उरलेलं नाही. 1951 च्या आसपासपर्यंतची फिल्म नायट्रेटची, झटकन पेट घेणारी. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात, आजच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय), 8 जानेवारी 2003 ला आग लागली आणि नायट्रेटची रिळं जळाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून पुण्यात हे धन जपत आलंय; पण जिथे निगेटिव्ह हरवली आहे, तिथे त्यांनाही वापरलेल्या प्रिंटवरूनच काम करावं लागतं.

जे वाचलं आहे ते आज 4केमध्ये स्कॅन होतं, 24 चा वेगही तसाच ठेवता येतो. तरीही जुन्या पाल टेपवरून काढलेली फाइल ‘एचडी’ म्हणून विकली जाते. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटक छापावे लागतात. मग चित्रपट विकणाऱ्याने, दाखवणाऱ्याने, तो निगेटिव्हवरून घेतला, प्रिंटवरून की टेपवरून, आणि वेग 24 चा की 25 चा, एवढं एका ओळीत लिहायला काय हरकत आहे?