जुने महागडे सीडी प्लेयर नव्या मॉडेलपुढे टिकतात का?

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा, एकेकाळी चैनीचा समजला जाणारा सीडी प्लेयर आज सेकंडहँड बाजारात दिसला की दोन प्रश्न पडतात. याचा आवाज अजून तितकाच चांगला असेल का? आणि तो घेतल्यावर किती दिवस चालेल? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

सीडी बदललेलीच नाही

सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेयर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. किंमत होती १,६८,००० येन. तेव्हापासून आजपर्यंत ऑडिओ सीडीचे मूळ मानक तेच आहे: १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने. त्यामुळे सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज आणि सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. प्लेयर कितीही नवा असला, तरी सीडीवर जे नाही ते तो ऐकवू शकत नाही.

मग प्रगती कुठे झाली?

सीडीवरील आकड्यांचे आवाजाच्या विद्युत लहरींत रूपांतर करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. सीडीपी-१०१ मध्ये डावा आणि उजवा चॅनल मिळून एकच १६ बिट डॅक होता. फिलिप्सच्या पहिल्या प्लेयरमध्ये १४ बिट डॅक होते आणि चौपट ओव्हरसॅम्पलिंगने ती उणीव भरून काढली होती. १९८५ च्या सुमारास फिलिप्सची टीडीए-१५४१ ही १६ बिट चिप आली. ती असलेल्या प्लेयरना शौकिनांमध्ये आजही मागणी आहे.

आजच्या साध्या डॅकमध्येही मोजमापात गोंगाट आणि विकृती कमी आढळते. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्तम प्लेयर सीडीच्या मर्यादेच्या बरेच जवळ पोहोचले होते. त्यामुळे सुस्थितीतला जुना प्लेयर आणि नवा प्लेयर यांच्यातला फरक कानाला फार थोडा जाणवतो. तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर ठेवावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच ‘चांगला’ वाटतो. सीडीही तीच हवी. रीमास्टर केलेली आवृत्ती वेगळी ऐकू येते, त्यात प्लेयरचा हात नसतो.

खरा प्रश्न आयुष्याचा

जुना प्लेयर बहुधा आवाजात नव्हे, यंत्रणेत मार खातो. लेझर कालांतराने मंदावतो. ग्रीस सुकते, ट्रे उघडणारा रबरी पट्टा सैल पडतो, कपॅसिटर सुकतात. पट्टा आणि कपॅसिटर बदलता येतात. लेझर युनिटचे, म्हणजे दुरुस्तीवाले ज्याला ‘लेन्स’ म्हणतात त्याचे, तसे नाही. अनेक उंची मॉडेलची युनिट आता बनतच नाहीत. ते गेले की महागडा प्लेयर म्हणजे नुसता शोभेचा डबा.

नव्या प्लेयरला वॉरंटी असते. काहींना यूएसबी आणि बाहेरून डिजिटल सिग्नल घेण्याची सोयही असते. अनेक जुने प्लेयर सीडी-आरडब्ल्यू वाचत नाहीत, कारण ती डिस्क प्रकाश फार कमी परावर्तित करते.

जुना घेताना काय तपासाल?

- लेझर युनिट आजही मिळते का, हे आधी शोधा.
- ७० मिनिटांहून मोठी सीडी लावून शेवटचे गाणे ऐका. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे कडेजवळची अडचण तिथेच कळते.
- यंत्र तापल्यावर सीडी अडखळते का, हे पाहण्यासाठी किमान तासभर चालवा.
- मागची व्होल्टेजची पट्टी वाचा. जपानी बाजारासाठीचे प्लेयर १०० व्होल्टचे असतात. भारतातील २३० व्होल्टवर ते थेट लावल्यास जळू शकतात.
- डिजिटल आउटपुट आहे का ते पाहा. असल्यास प्लेयर फक्त सीडी वाचण्यासाठी वापरून बाहेरचा नवा डॅक जोडता येतो.

थोडक्यात

घरात जुना उत्तम प्लेयर नीट चालत असेल, तर केवळ आवाजासाठी तो बदलण्याची गरज नाही. नव्याने विकत घेत असाल, तर कंपनीच्या नावापेक्षा सुटा भाग आणि दुरुस्ती करणारा मिळतो का, हे आधी पाहा. दोन्ही मिळत नसतील, तर वॉरंटी असलेला साधा नवा प्लेयर हाच शहाणपणाचा सौदा.