डुकरांमधील कोलिस्टिनचे शोषण आणि उत्सर्जन

कोलिस्टिन (पॉलिमिक्सिन ई) हे पॉलिमिक्सिन गटातील प्रतिजैविक आहे. आईचे दूध नुकतेच तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना ई. कोलाय जीवाणूंमुळे होणाऱ्या हगवणीवर ते पाण्यातून किंवा खाद्यातून दिले जाते. तोंडावाटे दिलेले कोलिस्टिन रक्तात जवळजवळ उतरत नाही, हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

शोषण

कोलिस्टिन हे चक्रीय पेप्टाइड असून त्याचा रेणुभार सुमारे १,१५५ आहे. रेणूवरील पाच अमिनो गट धनभारित असल्यामुळे तो पाण्यात विरघळतो, पण आतड्याच्या पेशींचे स्निग्ध आवरण ओलांडू शकत नाही. हगवणीच्या उपचारात हाच गुण उपयोगी ठरतो, कारण रोगकारक जीवाणू लहान आतड्याच्या अस्तराला चिकटलेले असतात आणि औषधही तेथेच राहते. रक्तात पसरलेल्या संसर्गावर मात्र तोंडावाटे दिलेल्या कोलिस्टिनचा उपयोग होत नाही. युरोपीय संघात प्रति किलो वजनास दररोज १ लाख एकक अशी मात्रा ३ ते ५ दिवस दिली जाते. उपचार ७ दिवसांहून अधिक लांबवता येत नाही.

स्नायूत टोचल्यास औषध लवकर रक्तात येते. परंतु त्यामुळे मूत्रपिंडास इजा होण्याचा धोका असतो.

उत्सर्जन आणि अवशेष

न शोषलेले औषध विष्ठेवाटे बाहेर पडते. शरीरात फारसे काही शिरतच नसल्याने मांसातील अवशेष अत्यल्प असतात. युरोपीय संघाने स्नायू व यकृतासाठी प्रति किलो १५० मायक्रोग्रॅम, तर मूत्रपिंडासाठी २०० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा ठरवली आहे. तोंडावाटे उपचार केल्यास शेवटच्या मात्रेनंतर कत्तलीपूर्वी साधारणतः १ दिवस थांबणे पुरेसे मानले जाते. अवशेषांच्या निकषावर औषध असे निर्धोक ठरत असले, तरी आतड्यातील जीवाणूंवर होणारा परिणाम या निकषात मोजला जात नाही.

प्रतिरोध

कोलिस्टिन जीवाणूच्या बाह्यपटलातील ऋणभारित लिपिड-एला बांधले जाऊन ते पटल फोडते. एमसीआर-१ हे जनुक लिपिड-एला फॉस्फोइथेनॉलअमाइन जोडून हा ऋणभार घटवते. प्लाझ्मिडवर असल्यामुळे ते एका जीवाणूतून दुसऱ्यात सहज जाते. शांघायमधील एका वराहपालन केंद्रातील डुकरापासून मिळालेल्या ई. कोलायमध्ये ते सापडले व २०१५ मध्ये त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या पाहणीत जनावरांपासून मिळालेल्या ८०४ नमुन्यांपैकी १६६, कच्च्या मांसाच्या ५२३ पैकी ७८ आणि रुग्णांच्या १,३२२ पैकी १६ नमुन्यांत हे जनुक होते. रुग्णांमधील हे प्रमाण लहान असले, तरी कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जीवाणूंवर कोलिस्टिन हे माणसांसाठी उरलेल्या मोजक्या औषधांपैकी एक असल्याने त्याची गंभीर दखल घेतली गेली.

चीनने २०१७ मध्ये वाढवर्धक म्हणून खाद्यात कोलिस्टिन मिसळणे थांबवले. त्यानंतर तेथील डुकरांमधील ई. कोलायमध्ये कोलिस्टिन-प्रतिरोधाचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून (२०१५-१६) ५.१ टक्क्यांवर (२०१७-१८) आले. भारतात जुलै २०१९ च्या अधिसूचनेद्वारे अन्नासाठी पाळलेले प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती व पशुखाद्य यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घालण्यात आली.