पाळणा कधी सोडायचा?

मूल पाळण्यातून काढून पलंगावर कधी निजवायचं, असं तरुण आईबाप हल्ली विचारतात. दीड वर्षानं, दोन वर्षांनी, की तीन? आमच्या धाराशिव जिल्ह्यात पूर्वी हा प्रश्न कुणाला पडत नसे. त्याचं उत्तर घरच देत असे. म्हणून त्या घराचाच इतिहास आधी पाहू.

जुनं घर माळवदाचं. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. तुळईला दोर बांधायचा, आईच्या जुन्या लुगड्याची झोळी करायची, की झाला पाळणा तयार. ऐपतदाराकडे रंगवलेला लाकडी पाळणा असे. तो शेजारीही मागून नेत. हिंदू घरी बाराव्या दिवशी बारसं, आमच्याकडे सातव्या दिवशी अकिका. झोळी मात्र दोन्हीकडे लुगड्याचीच.

मराठीत पाळणा म्हणजे वस्तूही आणि गाणंही. आपला नळदुर्ग ज्या आदिलशाहीत होता, त्या विजापूरच्या सूफी परंपरेतून सतराव्या-अठराव्या शतकांत दखनी भाषेत चक्कीनामे आणि लोरीनामे रचले गेले. चक्कीनामा जात्यावर म्हणायचा, लोरीनामा पाळण्याशी. धर्माची शिकवण आईच्या आवाजात, झोक्याच्या लयीत मुलाच्या कानी पडे. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या शेजारणीला ती लय परकी वाटली नसेल.

झोळी सुटायची ती मूल बसू लागलं की. माझी दादी म्हणायची, ‘बच्चा बैठने लग्या, अब झोली छोडो.’ कारण साधं होतं. बसतं मूल काठावर ओणवं झालं की झोळी उलटते. शिवाय पाठच्या भावंडासाठी पाळणा रिकामा करावाच लागे. मग मूल जमिनीवर, वाकळीवर, आजीच्या कुशीत. बाज असायची ती बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी, घरच्या म्हाताऱ्यासाठी. जमिनीवरून पडण्याची भीती नाही, म्हणून वयाचा हिशेबही नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हे घरच कोसळलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून गावं उशिरा निजली होती. भूकंप ६.२ तीव्रतेचा. आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर, लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, अशी कितीतरी गावं ढिगारा झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. ज्या भिंतींनी आणि माळवदांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊब दिली, त्यांनीच निजलेल्यांना गाडलं. अशाच एका ढिगाऱ्यात दीड वर्षाची मुलगी चार दिवसांहून अधिक काळानं लष्कराला जिवंत सापडली. ती खाटेखाली होती.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्यानं पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी वसली. पक्कं घर मिळालं तरी छताखाली निजायला मन धजत नव्हतं. अंगणात निजवलेली लेकरं मी पाहिली आहेत. नव्या घराला तुळई नव्हती. कुणी छताला कडी बसवून घेतली, कुणी लोखंडी नळ्यांचा पाळणा आणला. हळूहळू कॉट आले, पलंग आले. मूल जमिनीपासून दीड-दोन फूट वर गेलं आणि पडण्याची काळजी सुरू झाली. आजचा प्रश्न तिथला आहे.

उत्तर मात्र दादीच्या बोलण्यापासून फार लांब नाही. डॉक्टर सांगतात, तान्ह्या बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं निजवावं. मूल बसू लागलं, गुडघ्यांवर उठू लागलं, की टांगता पाळणा बंद करावा. कठड्याचा पाळणा असेल, तर मूल कठड्यावरून पाय टाकू लागताच त्याला खाली आणावं. हे बहुधा दीड ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान घडतं. पण कॅलेंडर पाहण्यापेक्षा मूल पाहावं. पलंग बुटका असावा. आणि आपण भूकंप सोसलेली माणसं आहोत, तेव्हा मुलाच्या उशाशी जड कपाट किंवा भरलेली फळी ठेवू नये.

पलंग नसला तरी बिघडत नाही. वाकळ आहेच, आणि तिच्यावरून कुणी पडत नाही.