‘आधुनिक काळातील पहिला’ : फ्रिट्झ पोलार्ड यांच्या विस्मृतीविषयी

ऑक्टोबर १९८९ मध्ये लॉस एंजेलिस रेडर्स या अमेरिकी फुटबॉल संघाने आपला जुना खेळाडू आर्ट शेल याची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक केली. शेल कृष्णवर्णीय होते, पंधरा हंगाम याच संघाकडून खेळलेले होते, आणि त्याच वर्षी त्यांना खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले होते. त्यांच्या नेमणुकीचे वर्णन ‘आधुनिक काळातील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक’ असे झाले.

आम्ही वाङ्मयेतिहास शिकवणारी माणसे. ‘पहिली कादंबरी’, ‘आधुनिक कवितेचे जनक’ अशा बिरुदांशी आमचा रोजचा व्यवहार असतो, आणि अशा ठिकाणी नामापेक्षा विशेषणच अधिक काम करीत असते हे आम्हांला अनुभवाने ठाऊक झाले आहे. ‘आधुनिक काळातील’ अशी मर्यादा कोणी घातली, की त्या मर्यादेपलीकडे कोण उभे आहे ते पाहावे. येथे पलीकडे फ्रेडरिक डग्लस पोलार्ड उभे होते. त्यांना सारे ‘फ्रिट्झ’ म्हणत. शेल यांच्या आधी तब्बल अडुसष्ट वर्षे, १९२१ साली, ते याच संघटनेतील एका संघाचे प्रशिक्षक होते. १९८६ मध्ये, वयाच्या ब्याण्णव्या वर्षी, ते वारले. ती बातमी ऐकायला ते तीन वर्षे कमी पडले.

पोलार्ड यांचा जन्म २७ जानेवारी १८९४ चा, शिकागोतील रॉजर्स पार्क या बहुतांशी गोऱ्या वस्तीतला. वडिलांचा केशकर्तनाचा व्यवसाय होता, आई शिवणकाम करी. मुलाचे नाव ठेवले ते गुलामीतून निसटून गुलामीविरुद्धच्या चळवळीचा अग्रणी झालेल्या फ्रेडरिक डग्लस याच्यावरून. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या गुलामीमुक्तीच्या कार्याला आदराने अर्पण केले, त्याच कार्यातला हा डग्लस; त्यामुळे हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके वाटू नये.

या खेळाविषयी दोन शब्द आधी सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडच्या फुटबॉलशी त्याचे नावापुरतेच नाते आहे. लांबट चेंडू हाती वा काखेत धरून धावायचे, आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन धावणाऱ्याला खाली पाडायचे, असा हा झोंबाझोंबीचा खेळ. खाली पडलेल्या माणसावर पाच-सहा जणांचा ढीग पडतो, आणि त्या ढिगाखाली काय चालते ते पंचालाही दिसत नाही. पोलार्ड हे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू. उंची पाच फूट नऊ इंच, वजन जेमतेम पंचाहत्तर किलो. काळ्या माणसाला ढिगाखाली चिरडण्याची संधी साधू पाहणारे कमी नव्हते. त्यावर त्यांनी एक उपाय काढला होता. जमिनीवर पडताक्षणी पाठीवर वळायचे आणि सायकल चालवावी तसे दोन्ही पाय हवेत फिरवीत राहायचे. खिळ्यांचे बूट अशा रीतीने झाडले जात असताना अंगावर उडी घेण्यापूर्वी समोरचा दोनदा विचार करी. प्रेक्षकांना यात गंमत वाटत असावी; आम्हांला मात्र पोलार्ड यांच्या चरित्रातले हे सर्वांत बोलके चित्र वाटते.

ब्राउन विद्यापीठात ते १९१५ साली दाखल झाले. १ जानेवारी १९१६ रोजी पॅसाडेना येथील ‘रोझ बोल’ सामन्यात ते उतरले. त्या सामन्यात खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पावसाने झालेल्या चिखलात ब्राउनचा संघ वॉशिंग्टन स्टेटकडून १४-० असा हरला आणि पोलार्ड यांच्या वेगाचे काही चालले नाही. पुढच्या हंगामात मात्र ब्राउनने येल आणि हार्वर्ड या दोन्ही मातब्बर विद्यापीठांना हरवले. या विजयांत पोलार्ड यांचा वाटा इतका उघड होता, की वॉल्टर कॅम्प यांनी निवडलेल्या अखिल अमेरिकी संघात त्यांना जागा द्यावीच लागली. धावणाऱ्या खेळाडूंच्या फळीत असा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय.

महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीतील नोकरी आणि पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षकपद आपण ओलांडून पुढे जाऊ. १९१९ मध्ये ते ओहायो राज्यातील अ‍ॅक्रनला आले. मोटारींच्या टायरांच्या या कारखानी गावात दक्षिणेकडून आलेले पुष्कळ गोरे कामगार होते. आपल्याला संघाच्या खोलीत कपडे बदलता येत नसत, मालकाच्या सिगारच्या दुकानात ते बदलून मैदानावर जावे लागे, असे पोलार्ड यांनी पुढे सांगितले आहे. १९२० साली शेजारच्या कँटन गावात, मोटारविक्रीच्या एका दुकानात, व्यावसायिक संघांची संघटना स्थापन झाली. हीच १९२२ पासून ‘नॅशनल फुटबॉल लीग’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पहिल्या हंगामात अ‍ॅक्रन प्रोज संघ एकही सामना हरला नाही. आठ जिंकले, तीन बरोबरीत सुटले. एप्रिल १९२१ च्या बैठकीत मतदान होऊन विजेतेपद अ‍ॅक्रनला मिळाले. आणि मग संघटना हे मतदान चक्क विसरली! १९२० चा विजेता ठरलाच नाही, अशी समजूत कित्येक दशके चालली. जुन्या बैठकीचा तो निर्णय पुन्हा उजेडात आला तो १९७० च्या दशकात. जेथे अजिंक्य संघाची ही गत, तेथे त्यातल्या एका माणसाची काय कथा.

१९२१ मध्ये एल्गी टोबिन यांच्यासह पोलार्ड अ‍ॅक्रनचे संयुक्त प्रशिक्षक झाले. आज प्रशिक्षक म्हटला की कानाला यंत्र लावून सीमारेषेवर येरझारा घालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्या काळी सामना चालू असताना बाहेरून सूचना देण्यास नियमानेच मनाई होती. ती उठली १९४४ साली. म्हणून जो डाव रचणार, तोच बहुधा मैदानात उतरून खेळणार. पोलार्ड दोन्ही करीत. गोऱ्या खेळाडूंना काळ्या माणसाने डाव सांगायचे आणि त्यांनी ते ऐकायचे, हे १९२१ च्या अमेरिकेत घडले, हे नीट ध्यानात घ्यायला हवे. त्याच वर्षी त्यांच्या संघात पॉल रॉबसन आले. आपल्याकडे हे नाव धीरगंभीर आवाजाचा गायक म्हणून परिचित आहे. पण कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकत असताना रॉबसन हा खेळ व्यावसायिक म्हणून खेळत होते. १९२२ मध्ये दोघेही मिलवॉकीच्या संघात होते.

पोलार्ड यांनी पुढे हॅमंड संघाचेही प्रशिक्षकपद १९२५ पर्यंत सांभाळले, आणि १९२६ नंतर या संघटनेतील त्यांचा खेळ संपला. १९३३ पर्यंत तेरा कृष्णवर्णीय खेळाडू तेथे खेळून गेले होते. १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत एकही नाही. तसा कोणताही लेखी नियम सापडत नाही. मालकांपैकी जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांच्याकडे बोट दाखवले जाते, आणि त्यांच्या वॉशिंग्टन संघाने १९६२ पर्यंत जे धोरण चालवले ते पाहता हा आरोप निराधार म्हणता येत नाही. शिकागोच्या जॉर्ज हॅलस यांनाही पोलार्ड यांनी दोष दिला. हॅलस यांनी तो नाकारला. लेखी नियम असता तर इतिहासकाराला तो मोडीत काढल्याची तारीखही मिळाली असती.

पोलार्ड स्वस्थ बसले नाहीत. शिकागोत त्यांनी ‘ब्लॅक हॉक्स’ हा कृष्णवर्णीयांचा संघ उभारला, १९३५ पासून हार्लेममधील ‘ब्राउन बॉम्बर्स’चे प्रशिक्षक राहिले, वृत्तपत्र चालवले, कलावंतांच्या कामाची व्यवस्था पाहिली, चित्रपटही काढला. त्यांच्याच नावाच्या मुलाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. महाविद्यालयीन खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’ने १९५४ मध्येच पोलार्ड यांची दखल घेतली. व्यावसायिक खेळाने मात्र घेतली नाही.

आम्हांला असे वाटते की, पोलार्ड विसरले गेले ते केवळ द्वेषामुळे नव्हे. पहिल्याला पहिला म्हणण्यासाठी दुसरा यावा लागतो. दुसऱ्याच्या बातमीत पहिल्याचे नाव निघते, तिसऱ्याच्या बातमीत दोघांचे. पोलार्ड यांच्यामागे चौसष्ट वर्षे दुसरा येऊच दिला नाही, म्हणून ते नाव उच्चारण्याचा प्रसंगच आला नाही. आणि अखेर शेल आले तेव्हा त्यांनाच पहिले ठरवणे सोयीचे झाले. ‘आधुनिक काळ’ ही सोय साऱ्या खटाटोपावर पांघरूण घालायला पुरेशी होती. यात शेल यांचा काही दोष नाही, हे सांगायला नकोच.

१९९२ मध्ये जॉन कॅरल यांनी लिहिलेले पोलार्ड यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये कृष्णवर्णीय प्रशिक्षकांच्या नेमणुकांसाठी झटणारी संस्था स्थापन झाली, तिला पोलार्ड यांचेच नाव देण्यात आले. ऑगस्ट २००५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ने त्यांचा समावेश केला. तो समारंभ कँटनमध्ये झाला, १९२० साली जेथे संघटना जन्मली त्याच गावी. त्यांच्या वतीने उभे राहिले ते त्यांचे नातू स्टीव्हन टाउन्स.